दाराच्या कडीविषयी

ता. दर्यापूर, जि. अमरावती
२७ मे २०२१, रात्री

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवाचा फोन तू रागाने ठेवलास की रेंज गेली, हे मला अजून ठाऊक नाही आणि विचारण्याचे धैर्यही झाले नाही. व्हिडिओ कॉलवर आजीच्या खोलीच्या दाराला बाहेरून लावलेली कडी तुला दिसली आणि "बाबा, तुम्ही आजीला कोंडून ठेवता?" असे तू विचारलेस. त्यावर "नागपुरात बसून बोलणे सोपे असते" असे मी म्हणालो. कोरोनाच्या वॉर्डात अंगात संरक्षक किट चढवून तासन्‌तास लोकांचे आईबाप सांभाळणाऱ्या मुलीला तिच्या बापाने असे बोलावे, याची मला लाज वाटते. ते शब्द मी परत घेतो. कडी आहे, ते मी नाकारत नाही. ती का बसवली, एवढे शांतपणे ऐकून घे. फोनवर सांगता येत नाही, कारण आजी जवळच बसलेली असते, आणि बाकी सगळे विसरली तरी आपल्याविषयी बोलणे चालले आहे हे तिला लगेच कळते.

फेब्रुवारीत २२ तारखेपासून अमरावती आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली, त्याच आठवड्यातली गोष्ट. दिवेलागणीला तुझी आई गोठ्यात होती आणि मी शाळेच्या याद्या घेऊन ओसरीवर बसलो होतो. आजीने फडक्यात दोन भाकरी आणि फणी बांधली आणि मागच्या दाराने ती निघून गेली. रात्री नऊ वाजता सापडली ती बनोसा स्टेशनच्या अलीकडे, रुळांमध्ये बाभळी उगवल्या आहेत तिथे बसलेली. पायात चप्पल नव्हती आणि दोन्ही तळव्यांत काटे रुतले होते. "गाडी हुकते ना माही," एवढेच ती म्हणत होती. शकुंतला रेल्वे बंद झाली, हे तिला सांगून उपयोग नाही. तिच्या डोळ्यांपुढे अजून १९९४ च्या आधीची, कोळशाच्या इंजिनाची शकुंतला आहे आणि पथ्रोटला तिचे वडील दमणी जुंपून उभे आहेत. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात तुझी आई सुईने काटे काढत होती, आणि आजी तिच्या डोक्यावरून हात फिरवत "कोनाची पोर व्हय तू, लय गुनाची हायेस" म्हणत होती. सत्तावीस वर्षे जिच्या हातचे खाल्ले तिला ती असे विचारत होती. दुसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावून कडी बसवून घेतली.

तू म्हणशील, हे तेव्हाच का सांगितले नाही? तुझी ड्यूटी तेव्हा कोविड वॉर्डात लागली होती, म्हणून नाही सांगितले.

आता तुझ्या राजीनाम्याविषयी. तू नोकरी सोडून इकडे येणार म्हणतेस. ताई, येऊ नकोस. या दिवसांत परिचारिकेने वॉर्ड सोडणे म्हणजे पेरणीच्या तोंडावर सालदाराने घर सोडण्यासारखे आहे. हाती घेतलेले काम अर्ध्यावर टाकू नये, हे मी पस्तीस वर्षे वर्गात सांगत आलो, आणि आपल्याच घरात उलटे होऊ दिले तर मी कोणत्या तोंडाने उद्या शाळेत उभा राहू? शिवाय तुझे स्वतःचे वय, पुढचे आयुष्य... हे पाहा, मी पुन्हा फळ्यापुढे उभा राहिलो. क्षमा कर. तुला कर्तव्य शिकवण्याची माझी पात्रता नाही. एप्रिलात ऑक्सिजनची ओरड चालू असताना तू एका म्हाताऱ्याला रात्रभर पोटावर पालथे झोपवून ठेवलेस आणि सकाळी तो चहा मागू लागला, हे तू सांगितल्यावर मी ते गावात किती जणांना सांगितले याची मोजदाद नाही.

खरी गोष्ट दुसरीच आहे आणि ती काढायची नाही असे ठरवून मी लिहायला बसलो होतो. परवा, २५ तारखेला, रुग्ण जास्त असलेल्या अठरा जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचे सरकारने जाहीर केले, आणि त्यात आपला जिल्हा आहे. म्हणजे यापुढे ज्याचा अहवाल पॉझिटिव्ह येईल त्याला घरी राहता येणार नाही, कोविड केंद्रात जावे लागेल. निर्णय चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. दोन खोल्यांच्या घरात विलगीकरण कसे होते ते मी कोरोनाच्या सर्वेक्षणाला घरोघर फिरताना रोज पाहतो. पण मी आणि तुझी आई एकाच वेळी पॉझिटिव्ह निघालो तर आजीजवळ कोण? जाऊ दे. अजून तसे काही झालेले नाही आणि आम्ही दोघेही बरे आहोत.

लस विचारली होतीस. आजीचा कोव्हिशील्डचा पहिला डोस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाला, दुसरा मेअखेर घ्यायचा होता. पण १३ तारखेला अंतर वाढवून १२ ते १६ आठवडे केले, तेव्हा आता तो जुलैवर गेला. केंद्रावर सगळे तोंड बांधलेले पाहून ती घाबरली होती. घरीही तेच होते. सर्वेक्षणावरून मी दुपट्टा गुंडाळून आलो की ती "चोर, चोर" म्हणून ओरडते. म्हणून मी आधी अंगणात हातपाय धुतो, कपडे बदलतो, मग उंबऱ्यापासून पाच-सहा हात लांब उभा राहून तोंड उघडे करतो आणि स्वतःचे नाव सांगतो. कधी ती ओळखते, कधी मला आबा समजून डोक्यावर पदर घेते. तेव्हा मी काही बोलत नाही.

यावरून एक विनंती. मागच्या महिन्यात आजीने आबांची चौकशी केली आणि तू तिला "आबा वारले ना आजी" असे सांगितलेस. तुझे चुकले असे नाही, खरे तेच सांगितलेस. पण तिला ते नव्यानेच कळले, ती रात्रभर रडली, आणि सकाळी पुन्हा तिने आबांचा चहा ठेवायला सांगितला. आम्हीही पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी खरे सांगत होतो. नंतर वाटले, एकाच माणसाच्या मरणाचे दुःख हिने किती वेळा भोगायचे? आता विचारले की "वावरात गेले, येतीलच" म्हणतो. मग ती आबांच्या गोष्टी सांगू लागते आणि त्या सगळ्या खऱ्या असतात. २०१८ साली अमरावतीच्या डॉक्टरांनी बी-१२, थायरॉइड आणि मेंदूचा सीटी स्कॅन पाहून, बऱ्या होणाऱ्या दुसऱ्या कारणांपैकी काही नाही, हा अल्झायमर आहे, असे सांगितले होते. रात्रीची गोळी आजार मागे नेणार नाही, झाले तर आजार वाढणे थोडे हळू होईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले होते. तेव्हा मी त्यांच्याशी वाद घातला होता. आज तसे करणार नाही.

तू शिकवलेले मात्र एकूण एक पाळतो. म्हाताऱ्या माणसाला कोरोनात ताप येईलच असे नाही, एकाएकी भ्रम वाढणे, सुस्तावणे, जेवण टाकणे हेच पहिले लक्षण असू शकते, हे तू सांगितल्यापासून माझी नजर तिच्यावर असते. पण जिचा गोंधळ रोजचाच आहे तिचा आजचा गोंधळ वेगळा आहे हे ओळखायचे कसे? या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. सध्या नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस, लागला आहे, आणि तहान लागल्याचे तिला कळत नाही. पाणी कमी पडले की संध्याकाळी ती जास्त भरकटते. तासातासाला पेला तिच्या हातात द्यावा लागतो. विहिरीचे पाणी तर तिने तोंडात घेताच थुंकले. आपल्या भागातले खारपाण, म्हणजे खारट पाणी, तिच्या जिभेला अजून बरोबर कळते, याचा मला त्या दिवशी आनंद झाला. नळाचे पाणी वेगळे भरून ठेवतो.

ऑक्सिमीटर ती बोटाला राहू देत नसे, हिसकून फेकत असे. त्यावर तुझ्या आईने युक्ती काढली. ती समोर बसते आणि "आत्याबाई, कासार आला, हात द्या" म्हणते. आजी लगेच डावा हात पुढे करते, बोटे जुळवून अंगठा आत दुमडते, मान बाजूला वळवते, जशी बांगडी चढताना बाया वळवतात तशी. तेवढ्यात ऑक्सिजनचा आकडा मिळतो. आज ९६ होता. आबा गेल्यापासून त्या हातात बांगडी नाही आणि तिच्या मनात मात्र आबा आहेत, म्हणून ती हात पुढे करते. तुझ्या आईने परवा पेटीतल्या दोन हिरव्या बांगड्या खरोखरच तिच्या हातात भरल्या. मी पाहिले आणि काही म्हटले नाही. गावात कोणी म्हणेल तर म्हणो.

तुझ्या आईविषयी तू फोनवर काहीच विचारत नाहीस, म्हणून सांगतो. रोज संध्याकाळी आजी तिला चोर ठरवते. "माही पोत कोठी हाये? तूच नेली तुह्या माहेरी." आता हेही लिहूनच टाकतो. ती गळ्यातली पोत तुझ्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आजीने स्वतः मला काढून दिली होती, पोरीला सांगू नको, सुनेलाही सांगू नको, म्हणून. मी तिचा शब्द पाळला. आता जिने दिली तीच शोधते, आणि ज्या बाईला काहीच ठाऊक नव्हते ती रोज बोलणे खाते. गेल्या महिन्यात मी तुझ्या आईला खरे सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं, कामी लागली." हे तुला ओझे वाटावे म्हणून लिहिले नाही. नागपुरात तू पांढऱ्या गणवेशात उभी असल्याचा फोटो आजीच्या खाटेशी आहे. ती त्याला "माही पोत" म्हणत नाही, तसे म्हणाली असती तर किती सोपे झाले असते. ती विचारते, ही बाई कोण.

पुन्हा तिथेच येतो. दोघांनाही नेले तर? अकोल्याच्या काकांना विचारून पाहिले, पण काकू स्वतःच ऑक्सिजनवरून नुकत्या घरी आल्या आहेत. केंद्रात आजीला सोबत नेले, तर निरोगी माणूस आजाऱ्यांत नेल्यासारखे होईल. शेजारी जेवण आणून देतील, उंबऱ्याच्या आत कोणी येणार नाही, आणि त्यांनी यावे असे मी तरी कोणत्या तोंडाने म्हणू? म्हणून मी एका वहीत तिचा दिवस लिहून ठेवला आहे. वही देव्हाऱ्याच्या खाली आहे. दुपारी तिला कोनाड्यातले सूप द्यायचे, त्यात तूर आणि हरभरा एकत्र केलेला असतो. ती दोन तास दाणा दाणा वेगळा करते आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर काहीही हरवल्याची खूण नसते. रात्री ती झोपली की मी ते दोन्ही ढीग पुन्हा एकत्र करतो. चोरासारखे वाटते, पण सकाळी तिला काम लागते. चार वाजायच्या आत आंघोळ आटोपायची, कारण त्यानंतर ती कोणाला अंगाला हात लावू देत नाही. अंधार पडण्याआधी सगळे दिवे लावायचे. गाडीची वेळ झाली म्हणाली तर नाही म्हणायचे नाही, "आज गाडी उशिरा आहे" म्हणायचे आणि तिला धरून अंगणात दोन फेऱ्या मारायच्या. माझा मोबाइल नंबर तुझ्या आईने तिच्या प्रत्येक लुगड्याच्या पदरावर लाल दोऱ्याने शिवला आहे.

येऊ नकोस असे वर लिहिले, ते खोडत नाही. राजीनामा देऊ नकोस. पण तसा फोन आलाच, तर प्रवासाच्या पासची वाट न पाहता रुग्णालयाचे ओळखपत्र घेऊन तू ये. तुझा पहिला डोस जानेवारीत झाला, दुसराही झाला, घरात तेवढी सुरक्षित तूच आहेस. आल्यावर आधी तोंड उघडे करून लांब उभी राहा आणि मग नाव सांग. बापाने हे मागायला नको होते, हे मला समजते.

कडीचे असे ठरवले आहे: उद्या ती काढतो. पोळ्याची घुंगरमाळ खुंटीवर नुसती लटकलेली आहे, ती दाराला आतून बांधतो आणि माझी खाट ओसरीवर तिच्या दाराला आडवी टाकतो. झोप माझी तशीही सावध आहे. आता तूर आणि हरभरा एकत्र करायचा राहिला आहे, तो करून झोपतो. तुझी आई आशीर्वाद सांगते आणि दुपारी डबा खातेस का विचारते.

तुझा,
बाबा