आखाजीला येताना गोळ्या सोबत आणेन

ती. आबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

माझ्या मनाच्या आजाराच्या गोळ्यांचं हे सगळं फोनवर सांगायचं दर वेळी ठरवते आणि राहून जातं. आबांना मोटार चालू करायला मळ्यात जायचं असतं, आईजवळ कुणीतरी येऊन बसलेलं असतं. म्हणून आज लिहायला बसले.

आई, दर रविवारी तू विचारतेस, "सुटन्यात का व तुन्या गोया?" तुझा जीव तुटतो म्हणून विचारतेस, मला कळतं. पण फोन ठेवला की मला वाटायला लागतं, आपल्याला फारच उशीर होतोय, आजच सगळ्या बंद कराव्यात. आणि ही घाई एकदा मला किती महागात पडली, ते तुम्हाला मी अजून धड सांगितलेलंच नाही.

दोन वर्षांपूर्वीची अक्षय्य तृतीयेची आखाजी आठवते ना? तेव्हा मी गोळ्या मुद्दाम पुण्यात ठेवून आले होते. घरात पाहुणे, चुलत्या, आत्या. कुणाच्या हाती स्ट्रिप लागली तर काय सांगायचं, ही भीती होती. शिवाय बरेच दिवस बरं वाटत होतं, म्हणून माझं मीच ठरवलं की आता गरज नाही. डॉक्टरांना विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी निंबाच्या झोक्यावर बसले, मान वळवली आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं झालं. मग नुसते डोळे फिरवले तरी तसं व्हायचं. मळमळ, चक्कर, रात्रभर भयंकर स्वप्नं, आणि कारण नसताना रडू. आई, तुला वाटलं ऊन लागलं. तू पन्हं दिलंस, तळपायाला कांदा चोळलास, रात्रभर उशाशी बसलीस. आत्यांनी नजर काढली. आबा ओट्यावर गप्प बसून होते. त्यांना वाटत होतं, पोरीचं जुनं दुखणं परत आलं.

ते जुनं दुखणं नव्हतं. पाचव्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली आणि दोन-तीन दिवसांत झटके थांबले. त्यांनी तेव्हा समजावलेलं मी विसरत नाही. गोळी एकदम थांबवल्याचा त्रास बहुतेक काही दिवसांतच सुरू होतो, त्यात पूर्वी कधी न झालेल्या अंगाच्या तक्रारी असतात, आणि गोळी घेतली की तो लवकर ओसरतो. मूळ आजार बहुधा हळूहळू परततो, आठवड्यांनी, महिन्यांनी, आणि त्याची लक्षणं आपल्या ओळखीची असतात. या दोन्हींत गल्लत झाली की माणूस घाबरतो. आबा, तुम्ही म्हणता तशी ही दारू-तंबाखूसारखी तलफ नाही. मेंदू त्या औषधाशी जुळवून घेतो, आणि ते काढलं की पुन्हा नव्यानं जुळवून घ्यायला त्याला वेळ लागतो.

आता या वेळी सगळं डॉक्टरांच्या सांगण्यावरून चाललंय. वर्षभर तब्येत स्थिर आहे हे पाहून दिवाळीनंतर त्यांनी कमी करायला सुरुवात केली. माझी गोळी एस्सिटॅलोप्राम, ती २० मिलिग्रॅमवरून १५, मग १०. तिथपर्यंत काही जाणवलं नाही. ७.५ वर आले आणि झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी पुन्हा १० वर नेलं, सहा आठवडे तिथेच थांबवलं. गेल्या महिन्यापासून परत ७.५, आणि या वेळी ठीक आहे. मागे जावं लागलं तेव्हा मी फार रडले होते. ते अपयश नव्हतं, हे आता पटलंय.

तुम्हाला वाटेल, २० वरून १० वर पटकन आली, मग उरलेल्याला एवढा वेळ कशाला? आई, भरितात मीठ घालतेस ना, तसं आहे हे. अळणी भरितात पहिली चिमूट पडली की चव पार बदलते, चौथी-पाचवी पडली तर फारसं कळत नाही. या औषधाचंही बरंचसं काम थोड्या डोसातच होतं. म्हणून वरचे मिलिग्रॅम सहज निघतात आणि शेवटचे काढताना पावलं सगळ्यात लहान टाकावी लागतात. आबा, तुम्ही टिश्यूकल्चरची केळीची रोपं लॅबमधून थेट उन्हात लावत नाही. आधी शेडनेटमध्ये आठवडे घालवता. मलाही तेवढा वेळ द्या. अजून सहा-आठ महिने लागतील, कदाचित जास्त.

मामांनी "एक दिवसाआड घे" असं सांगितलंय. त्यांना माझा नमस्कार सांगा, पण मी ते करणार नाही. ही गोळी अंगातून निम्मी उतरायला साधारण ३० तास लागतात. दिवसाआड घेतली तर एक दिवस चढ, एक दिवस उतार, आणि मेंदूला रोजचाच हेलकावा. डोस कमी असला तरी रोज घ्यायची, हेच बरोबर. आणि समजा कधी डॉक्टर म्हणाले की थोडा डोस कायमच लागेल, तर तेही मी घेईन. आबा बीपीची गोळी घेतात तशी.

आता तुझं, आई. आबांच्या ऑपरेशनपासून तू रात्री झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी घेतेस, मला माहीत आहे. मेडिकलवाले चिठ्ठीशिवाय देतात, तेही माहीत आहे. तसं त्यांनी द्यायला नको. हे औषध शेड्यूल एच-१ मधलं आहे; डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं आणि वेगळ्या वहीत नोंदवायचं असा नियम आहे. तुझ्या वयात या गोळीनं तोल जातो, विसरायला होतं, पडून खुब्याचं हाड मोडण्याची भीती वाढते. पण हे वाचून आज रात्री ती बंद करू नकोस. माझ्या गोळीपेक्षाही ही एकदम सोडणं धोक्याचं. हातपाय कापतात, झोप पार जाते, फिटसुद्धा येऊ शकते. मी आले की आपण दोघी तापीचा पूल ओलांडून जळगावला मानसोपचार डॉक्टरांकडे जाऊ. किती आठवड्यांत, किती किती कमी करायची ते तेच ठरवतील. तोवर घेतेस तशीच घे, वाढवू मात्र नकोस.

एक काम दोघांनाही सांगते. मी जेवण टाळायला लागले, कुणाशी बोलेनाशी झाले, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलले, तर गप्प बसू नका. माझ्या डॉक्टरांचा नंबर या पत्रामागे लिहिलाय. ते लागले नाहीत तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आणि रविवारी फोनवर गोळ्यांऐवजी झोपेचं विचारत जा. रात्री किती वाजता डोळा लागला, ते मी खरं सांगेन.

आखाजीला चार दिवस येतेय. या वेळी स्ट्रिप पर्समध्ये लपवणार नाही. देवघराशेजारच्या कोनाड्यात, आबांच्या बीपीच्या गोळ्यांजवळ ठेवेन. चुलत्यांनी विचारलं तर मीच सांगेन. आबा, निंबाला झोका बांधून ठेवा.

तुमची,
ताई