सेंट्रल फिन्सबरीचा कौल नीट वाचायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दादाभाई नौरोजींच्या जन्माला दोनशे वर्षे झाली, त्या निमित्ताने मराठीत बरेच लेखन वाचायला मिळाले. त्यांच्या आर्थिक विचारांबद्दल चांगले लिहिले गेले. मात्र १८९२ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीचा विषय निघाला की बहुतेक लेख एका वाक्यात आटोपतात. लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ते पाच मतांनी निवडून आले आणि १८९५ मध्ये हरले, एवढेच सांगितले जाते. गोऱ्या मतदारांनी एकदा कौतुक केले आणि तीन वर्षांनी पाठ फिरवली, असाही सूर अधूनमधून ऐकू येतो. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. हा सूर त्या मतदारांवर अन्याय करणारा आहे आणि दादाभाईंवरही, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे पत्र.

सेंट्रल फिन्सबरी हा मतदारसंघ जेमतेम तेहतीस वर्षे टिकला. १८३२ पासून फिन्सबरीतून दोन खासदार जात. १८८५ च्या फेररचनेत त्याचे एकेक खासदाराचे तुकडे झाले, त्यांतला हा एक. म्हणजे मुख्यतः क्लर्कनवेलचा भाग. घड्याळजी, सोनार, छापखान्यांतले कामगार, छोटे कारखानदार यांची दाट वस्ती. क्लर्कनवेल ग्रीनच्या चौकात कामगारांच्या सभा व्हायच्या, त्यांचे राजकीय क्लब तिथेच होते. इथल्या तुरुंगातून आपला माणूस सोडवण्यासाठी आयरिश क्रांतिकारकांनी १८६७ मध्ये भिंतीला सुरुंग लावला होता आणि त्यात आसपासची गोरगरीब माणसे मेली होती. आयर्लंडच्या स्वराज्याचा प्रश्न या लोकांच्या दाराशी येऊन गेलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या स्वराज्याच्या बाजूने उघडपणे उभ्या राहिलेल्या उमेदवाराला तिथे मते मिळाली याचे मोल कळते.

आता निकालांची यादी पाहा. १८८५ ला लिबरल पक्षाचे हॉवर्ड स्पेन्सली. १८८६ ला हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे कॅप्टन पेंटन. १८९२ ला दादाभाई, लिबरल. १८९५ आणि १९०० ला हुजूर पक्षाचे मॅसी-मेनवेअरिंग. १९०६ ला कामगार संघटनेतले, लिबरलांच्या साथीने उभे राहिलेले स्टेडमन. १९१० च्या दोन्ही निवडणुकांत हुजूर पक्षाचे आर्चर-शी. या यादीशेजारी सबंध ब्रिटनचा निकाल मांडला तर १८८५ पासून १९०६ पर्यंत एकदाही फरक पडत नाही. देशात ज्या बाजूची सरशी झाली तीच बाजू या मतदारसंघात जिंकली. वारा बदलला की तो बदलला. फक्त १९१० मध्ये, लिबरलांचे सरकार कसेबसे तगले तेव्हा, त्याने वेगळा कौल दिला.

म्हणून १८९५ चा पराभव हा दादाभाईंच्या जन्मभूमीवर किंवा वर्णावर दिलेला निकाल मानायला आधार नाही. त्या वर्षी लिबरल पक्षाची देशभर दाणादाण उडाली होती. आयरिश स्वराज्याचे विधेयक १८९३ मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने फेटाळले होते, लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टन निवृत्त झाले होते, पक्षात भांडणे होती. पाच मतांच्या आघाडीवर बसलेला कुठला लिबरल खासदार त्या लाटेत टिकला असता? आणि त्याच निवडणुकीत पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन ईशान्य मतदारसंघातून मंचरजी भावनगरी हे दुसरे मुंबईकर पारशी निवडून आले, ते हुजूर पक्षाकडून. त्यांनी हरवले ते एकेकाळी गवंडीकाम केलेले कामगार पुढारी जॉर्ज हॉवेल यांना. दादाभाई आणि भावनगरी यांची मते एकमेकांच्या अगदी उलट होती. तरी एकाच लाटेने एकाला खाली आणले आणि दुसऱ्याला वर नेले, ती लाट पक्षाची होती.

दादाभाईंच्या बाकीच्या दोन निवडणुकाही हेच सांगतात. १८८६ मध्ये ते हॉलबर्नमधून हरले. ती जागा हुजूर पक्षाची पक्की होती आणि वर्ष लिबरलांना वाईट होते. १९०६ मध्ये लिबरलांना प्रचंड यश मिळाले, त्या वर्षी मात्र ते नॉर्थ लँबेथमधून पक्षाच्या अधिकृत पाठिंब्याशिवाय उभे होते. मते पडली ७३३. वय ऐंशी, कीर्ती जगभर, आणि मते ७३३! पक्षाचे बळ पाठीशी असणे आणि नसणे यांतले अंतर यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

वर्णद्वेष नव्हता असे मी म्हणत नाही. पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी १८८८ मध्ये एडिंबरोच्या सभेत म्हणाले की, एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल अशा अवस्थेला आपण अजून आलो आहोत का, याची शंका वाटते. रोख दादाभाईंच्या हॉलबर्नच्या उमेदवारीवर होता. त्या शब्दांवरून इंग्लंडभर गदारोळ झाला आणि तोवर थोड्यांनाच ठाऊक असलेले हे नाव घरोघरी पोहोचले. पण क्लर्कनवेलची खरी लढाई पक्षाच्या आतच झाली. उमेदवारी कुणाची यावरून स्थानिक लिबरलांत तट पडले, रिचर्ड ईव्ह हे दुसरे लिबरल इच्छुक कित्येक वर्षे मागे हटायला तयार नव्हते. ते १८९२ मध्ये बाजूला झाले तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला. सामना पेंटन यांच्याशी होता आणि मतदारसंघातल्या पेंटनव्हिल या वस्तीला नाव त्यांच्याच घराण्याचे होते. अशा माणसासमोर दादाभाई चार वर्षे भागात पाय रोवून राहिले. कामगारांचा आठ तासांचा दिवस, स्त्रियांचा मताधिकार, आयर्लंड या प्रश्नांवर ते बोलत राहिले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांना पाठिंबा दिला. स्त्रियांना तेव्हा मत नव्हते, पुष्कळ गरीब पुरुषांनाही नव्हते. वर्षभर एका ठिकाणी राहिल्याचा पुरावा हवा, घर बदलले की यादीतून नाव जायचे. भाडेकरूंच्या अशा वस्तीत नावे यादीत टिकवणे हेच कार्यकर्त्यांचे निम्मे काम असे. ते काम करणाऱ्या अनाम माणसांचे ऋण आपण मानायला हवे.

दादाभाईंच्या खासदारकीच्या तीन वर्षांचे फळ आपल्यापर्यंत आले. २ जून १८९३ रोजी कॉमन्स सभागृहाने सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंडप्रमाणे भारतातही घ्याव्यात असा ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर केला. सरकारने तो अमलात आणला नाही, याचा संताप आजही वाटतो. भारताच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी आयोग नेमला गेला, त्यावर दादाभाई सदस्य झाले. याच आयोगापुढे १८९७ मध्ये पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोपाळ कृष्ण गोखले यांनी साक्ष दिली. वय अवघे एकतीसच्या आसपास. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली तयार झालेला हा तरुण लंडनमध्ये आकडेवारीनिशी बोलला, त्यामागे क्लर्कनवेलच्या मतपेट्याही होत्या, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

(ब्रिटिश संसदेतले 'पहिले भारतीय' या दादाभाईंच्या बिरुदाबद्दल एक तळटीप द्यायला हवी. मेरठजवळच्या सरधना जहागिरीच्या बेगम समरूचा वारस डाइस सोम्ब्र १८४१ मध्ये सडबरीतून निवडून आला होता. त्याच्या अंगात भारतीय रक्त होते. लाचखोरीमुळे ती निवडणूक रद्द झाली आणि १८४४ मध्ये सडबरीचे प्रतिनिधित्वच काढून घेण्यात आले. लाच न देता, पक्षाच्या कामातून निवडून आलेले पहिले म्हणून दादाभाईंचा मान त्यामुळे वाढतोच.)

दादाभाई जून १९१७ मध्ये मुंबईत वारले. पुढच्याच वर्षी सेंट्रल फिन्सबरी हा मतदारसंघ रद्द होऊन एकसंध फिन्सबरीत मिसळला. आज तो भाग इझलिंग्टन साउथ आणि फिन्सबरी या मतदारसंघात येतो. क्लर्कनवेलमध्ये नौरोजी स्ट्रीट आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. दादाभाई लिबरल, भावनगरी हुजूर आणि १९२२ व १९२४ मध्ये बॅटरसी नॉर्थमधून निवडून आलेले शापूरजी सकलातवाला कम्युनिस्ट. मुंबईचे तीन पारशी, तीन वेगळे राजकीय मार्ग आणि लंडनच्या कष्टकरी वस्त्यांचे तीन मतदारसंघ, जे त्या नावाने आता नकाशावर नाहीत. या तिन्ही मतदारसंघांच्या निकालांची पूर्ण यादी देऊन एखाद्या अभ्यासकाकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा. माध्यमिक शाळांतले शिक्षक तो वर्गात वाचून दाखवतील, निदान माझ्या ओळखीचे तरी नक्की.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा