चोवीस तारखेला, रात्री साडेआठ

सेंट पॉल, मिनेसोटा
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुमे,

तुझं पत्र काल मिळालं. यंदा नरक चतुर्दशीला पहाटे रेडिओ लावायचा राहूनच गेला, असं तू जाता जाता लिहिलं आहेस. ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. तुमच्या वाड्यातला तो बंब, अंगाला चोळलेलं तेल, बाहेर मिट्ट काळोख आणि आकाशवाणीवर चाललेलं नरकासुरवधाचं कीर्तन. कीर्तन संपायच्या आत आंघोळ उरकायची, हा तुझ्या आजींचा दंडक. घड्याळाकडे कोणी बघतच नसे, बुवांचा आवाज कुठवर आलाय त्यावर सगळं चालायचं.

इथे येऊन मला बावीस वर्षं झाली, पण त्या रेडिओविषयी तुला नीट कधी सांगितलंच नाही. म्हणजे इथे मला जो पुन्हा सापडला, त्याविषयी.

पहिला हिवाळा २००३चा. ह्यांची नोकरी नवी, बाळ चार महिन्यांचं, आणि ओळखीचं एकही दार नाही. डिसेंबरच्या चोवीस तारखेला सकाळी खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बर्फ पडून गेल्यावर जी शांतता येते ना, ती कानाला जड लागते. स्वयंपाकघरात आधीच्या भाडेकरूने ठेवून गेलेला एक रेडिओ होता. त्याची एरियल फ्रिजला टेकवली की खरखर थांबायची. मी कणीक मळत होते. नऊ वाजले, निवेदक दोन शब्द बोलला आणि एकदम सगळं बंद. मला वाटलं, बिघडला. कणकेच्या हातांनीच बटण पिरगाळायला गेले, तेवढ्यात एका मुलाचा आवाज आला. एकट्याचा. खाली पेटी नाही, तंबोरा नाही, काही नाही. एक अख्खं कडवं त्याने तसंच म्हटलं, मग मागून बाकीचे उठले. माझा हात बटणावरच राहिला. त्या बटणाला कणीक लागली, ती कित्येक दिवस तशीच वाळून होती.

तो कार्यक्रम इंग्लंडातला, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमधला, म्हणजे तिथल्या प्रार्थनामंदिरातला. बायबलमधली नऊ वाचनं आणि मधे मधे ख्रिसमसची गाणी. सुरू केला एरिक मिलनर-व्हाइट नावाच्या तिथल्या तरुण डीनने, म्हणजे चॅपेल सांभाळणाऱ्या पाद्रीने, १९१८ साली, पहिलं महायुद्ध संपून दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा. तो स्वतः सैन्याचा पाद्री म्हणून आघाडीवर राहून आलेला. बीबीसीने १९२८ साली पहिल्यांदा प्रक्षेपण केलं आणि १९३०चं एक वर्ष सोडलं तर एकदाही खंड नाही. दुसऱ्या महायुद्धात चॅपेलच्या जुन्या रंगीत काचा काढून ठेवल्या होत्या, आत कडाक्याची थंडी, आणि सुरक्षेसाठी जागेचं नावसुद्धा रेडिओवर घेता येत नव्हतं. तरीही गाणं झालं. आणि सुमे, ऐक: पहिलं कडवं कोण म्हणणार, हे गाणाऱ्या मुलांना आधी ठाऊक नसतं. दोघातिघांची तयारी असते. ऐन वेळी त्यांचा गायनसंचालक एकाकडे बोट दाखवतो आणि तो मुलगा गातो, साऱ्या जगाला ऐकू जाईल असं. मी ज्याला बिघाड समजले, त्या क्षणभरात हे घडलं होतं.

मिनेसोटाचा पब्लिक रेडिओ हा कार्यक्रम साऱ्या अमेरिकेसाठी थेट घेतो आणि देशभरातली शेकडो स्टेशनं तो त्याच वेळी लावतात. 'पब्लिक' म्हणजे आपल्यासारखी सरकारी आकाशवाणी नव्हे. प्रत्येक गावाचं स्टेशन वेगळं, जाहिरातींचा गोंगाट नाही, आणि खर्चाचा मोठा भाग ऐकणाऱ्यांच्या वर्गणीतून. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग हा इथला घरोघरी मेजवानीचा सण येतो, तिथपासून एक जानेवारीपर्यंत नेहमीच्या बातम्या-गप्पा थोड्या बाजूला सरकतात आणि सणाचे कार्यक्रम सुरू होतात.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी एक थेट कार्यक्रम असतो, लोक स्वयंपाकघरातून फोन करतात. पाहुणे दुपारी येणार आणि टर्की, म्हणजे त्या दिवशी अख्खा भाजायचा तो मोठा पक्षी, अजून आतून बर्फाचा गोळा, असा रडवेला आवाज, आणि पलीकडून एक जाणकार माणूस धीर देत सांगतो, आता असं कर, मग तसं कर. पहिल्या वर्षी मला निम्मं कळत नव्हतं, पण पुरणाचा कट पातळ झाल्यावर आई शेजारच्या काकूंना हाक मारायची तो सूर मी बरोबर ओळखला.

आणि सुझन स्टॅमबर्ग. ती तुला फार आवडली असती. १९७२पासून राष्ट्रीय पातळीवरचा संध्याकाळचा बातमीपत्र-कार्यक्रम चालवणारी, अमेरिकेतली ते काम करणारी पहिली बाई. ती दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या आधी रेडिओवर आपल्या सासूबाईंची क्रॅनबेरीची चटणी सांगायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून, दरवर्षी तीच. कच्च्या क्रॅनबेरी (लाल, आंबट, करवंदाएवढी फळं), कांदा, आंबट साय, साखर आणि हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, जे मोहरी फेसल्यावर झोंबते तसं थेट नाकात जातं. सगळं वाटून गोठवायचं. रंग असा गुलाबी होतो की पहिल्यांदा बघणारा चमचा घालायला कचरतो. मी करून पाहिली, आता आमच्याकडे दरवर्षी होते. सासूची पाककृती सून पन्नास वर्षं साऱ्या देशाला सांगते, यापेक्षा आपल्या घरातलं काय असायचं! हनुक्का हा ज्यू लोकांचा दिव्यांचा सण, त्यासाठीही ती १९९०पासून एका सहकाऱ्याबरोबर गोष्टी वाचायची. गेल्या महिन्यात, सोळा ऑक्टोबरला, सुझन गेली. सत्त्याऐंशी वर्षांची होती. दिवाळीचा फराळ करताना बातमी ऐकली आणि चकलीचा सोऱ्या खाली ठेवून मी खुर्चीवर बसले. कधी भेटले नव्हते, पण रडू आलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला इथून तासाभरावरच्या नॉर्थफील्ड गावातल्या सेंट ओलाफ कॉलेजचा गायनसोहळा लागतो. नॉर्वेतून आलेल्या लोकांनी काढलेलं कॉलेज, आणि हा सोहळा १९१२पासूनचा. पाचशेच्या आसपास मुलंमुली गातात-वाजवतात. रेडिओवर तो आवाज ऐकला की मला घर सोडून आलेली ती पहिली माणसं दिसतात. एकतीस डिसेंबरच्या रात्री जॅझ असतं, आणि मध्यरात्र पूर्वेकडून एकेका वेळपट्टीत पुढे सरकते तसतसं नवं वर्ष पुन्हा पुन्हा उगवतं. दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाहून नववर्षाची वाद्यवृंदाची मैफल. ती छान असते, पण मी तेव्हा बहुधा झोपेत असते.

हे सगळं आजच लिहायला बसले, त्याला कारण आहे. जुलैमध्ये इथल्या संसदेने पब्लिक रेडिओ-टीव्हीला आधीच मंजूर केलेले दोन वर्षांचे सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले. तो पैसा वाटणारी संस्था १९६७च्या कायद्यातून उभी राहिलेली. तिने ऑगस्टमध्ये गाशा गुंडाळायला घेतल्याचं जाहीर केलं. मोठ्या शहरांतली स्टेशनं वर्गणीवर तग धरतील. पण दूरच्या खेड्यांत आणि आदिवासी राखीव भागांत वर्गणी देणार कोण? तिथे तर सरकारी पैशाचाच मोठा आधार होता. मला सारखं वाटतं, अशा एखाद्या गावात कोणी बाई यंदा चोवीस तारखेला बटण फिरवेल आणि तिला खरखर ऐकू येईल. ती खरोखरची बिघाडाची खरखर असेल. मला हे सहन होत नाही. आम्ही वर्गणी दुप्पट केली आणि नवी पावती फ्रिजवर लावली, तुझ्या राखीच्या पाकिटाशेजारी.

मुलगा म्हणतो, आई, गाणी कधीही ऐकता येतात फोनवर. येतात, मी कुठे नाही म्हणते. पण त्या सकाळी मला धरून ठेवलं ते नुसत्या गाण्याने नव्हे. ते त्या क्षणी कुठेतरी खरंच चाललं होतं, आणि माझ्यासारखेच कोण कोण आपापल्या ओट्याशी उभे राहून तेच ऐकत होते. तुझ्या वाड्यात नव्हतं का, आपल्या घरातला रेडिओ बंद असला तरी समोरच्या बिऱ्हाडातून कीर्तन ऐकू यायचंच?

तर आता एक मागणं. केंब्रिजमध्ये दुपारचे तीन वाजतात तेव्हा माझ्याकडे सकाळचे नऊ आणि तुझ्याकडे रात्रीचे साडेआठ. बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवर लागतं, मोबाइलवरही मिळेल. चोवीस डिसेंबरला जेवणं जरा आधी उरकून घे आणि लाव. सुरुवातीला काही ऐकू आलं नाही तर बटणाला हात लावू नकोस, थांब. कार्यक्रम दीड तासाचा आहे, त्यामुळे मधे फोन करू नकोस. तुझ्याकडे दहा वाजले की मीच करीन.

काकांच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव. आजींच्या फोटोला माझा नमस्कार सांग.

तुझीच,
मंजू