मास्टर्सने जुना जीपीए हलत नाही

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या शिक्षण पुरवणीत अमेरिकेतल्या मेडिकल ॲडमिशनवर लेख आला होता, त्यात एक वाक्य अगदी सहज टाकलंय की कॉलेजात मार्क कमी पडले असतील तर एखादं मास्टर्स करून घ्यावं, अर्ज भक्कम होतो. ते वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितेय, कारण हेच वाक्य एका सल्लागाराने आम्हाला फी घेऊन ऐकवलं होतं आणि आम्ही माना डोलावल्या.

आमच्या लेकीचा ग्रॅज्युएशनचा जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी गुण, ३.२. पहिली दोन वर्षं ढेपाळली, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी, मग सावरली. तिने पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स केलं, ३.९ आणले, घरात सगळे खूश. मग अर्ज भरायला बसलो तेव्हा डोळे उघडले. इथे अमेरिकेत एम.डी. ही डॉक्टर व्हायची मूळ डिग्री, तिच्या बहुतेक कॉलेजांचा अर्ज ॲमकॅस नावाच्या एकाच सिस्टीममधून जातो आणि ती सिस्टीम प्रत्येक वर्षाचा जीपीए वेगळ्या ओळीत दाखवते, त्यात ग्रॅज्युएट लेव्हलच्या, म्हणजे इथल्या भाषेत मास्टर्सच्या, कोर्सेसची ओळ पूर्ण स्वतंत्र. म्हणजे ३.९ तिकडे एका कोपऱ्यात जाऊन बसला आणि ३.२ जिथे होता तिथेच, इंचभरही हलला नाही. त्यात मास्टर्सला बऱ्याच ठिकाणी ए सढळ हाताने मिळतात हे ॲडमिशन कमिटीला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे त्या ३.९ चं कौतुक आमच्या घरातच जास्त झालं.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. सायन्सचा जीपीए वेगळा काढतात, त्यात फक्त बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स धरतात. हेल्थ पॉलिसी, मॅनेजमेंट वगैरे त्यात येत नाही, सायकॉलॉजीही नाही. तिच्या अख्ख्या डिग्रीतून तिकडे ठळकपणे जमा झाला तो बायोस्टॅटिस्टिक्स, तोही ग्रॅज्युएटच्याच ओळीत! पब्लिक हेल्थ वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, ज्याला त्यातच काम करायचंय त्याने जरूर करावं, पण कमी मार्कांवर औषध म्हणून ते घेऊ नये एवढंच.

मग जुना आकडा हलवायचा कसा, तर डिग्री झाल्यावर परत अंडरग्रॅज्युएट, म्हणजे पहिल्या डिग्रीच्या, लेव्हलचेच कोर्स घ्यायचे, त्याला इथे पोस्ट-बॅक म्हणतात, आणि ते एकूण अंडरग्रॅज्युएट जीपीएत मिसळतात. तरी गणित करून बघा. १२० क्रेडिट ३.२ ने झालेत, वर ३० क्रेडिट घेतले, सगळ्यात ए (ए म्हणजे ४.०), म्हणजे वर्षभर रक्त आटवायचं, तर एकूण होतो ३.३६. बास. दरवर्षी ५० हजारांवर मुलं अर्ज करतात, साधारण २३ हजारांना एम.डी.ची सीट मिळते आणि ज्यांना मिळते त्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास असतो. तेव्हा ३.३६ काही डोळ्यात भरणारा नाही, पण पोस्ट-बॅकच्या ओळीत जो ४.० दिसतो तो दिसतो, पोरगी सुधारली हे कागदावर येतं. त्यासाठी कोर्सही तसेच हवेत, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायॉलॉजी, इम्युनॉलॉजी असे वरच्या वर्गाचे. एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत २०१५ पासून बायोकेमिस्ट्रीवर भर आहे त्यामुळे तो अभ्यास तिकडेही कामी येतो.

खरं तर मास्टर्समध्येही एक प्रकार आहे जो मेडिकलसाठीच काढलेला असतो, स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम. जॉर्जटाउनचा १९७५ पासून चालू आहे. तिथे मेडिकलच्या पहिल्या वर्षाचेच बरेच विषय असतात, तेव्हा चांगले मार्क पडले की कमिटीला थेट पुरावा मिळतो की ही मुलगी मेडिकलचा अभ्यास पेलते. पण तिथे बी आणि सी पडले तर मात्र आधीपेक्षा वाईट अवस्था, कारण मग कमिटी म्हणणार बघा, नाहीच झेपत. शिवाय खर्च प्रचंड. सरकारचं ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद, साध्या ग्रॅज्युएट कोर्सला वर्षाला २०,५०० डॉलरचीच मर्यादा. म्हणजे उरलेले पैसे कुठून आणायचे हे आधी ठरवा, मग प्रोग्रॅम.

आणखी एक, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून कुणीतरी सांगत असतं की ऑस्टिओपॅथीच्या म्हणजे डी.ओ.च्या (एम.डी.सारखीच डॉक्टर व्हायची इथली दुसरी डिग्री) अर्जात कोर्स परत केला की जुना मार्क पुसला जातो. ते २०१७ मध्येच बंद झालं, आता दोन्ही मार्क धरतात.

भारतात बी.एस्सी. करून इथे एम.एस.ला यायचं आणि मग मेडिकलला घुसायचं असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी तर तुमचा लेख जास्तच धोक्याचा आहे. भारतातले मार्क ॲमकॅस जीपीएत धरतच नाही आणि बहुतेक कॉलेजांना मूळ सायन्सचे कोर्स अमेरिका किंवा कॅनडातले लागतात. म्हणजे नुसतं एम.एस. केलं तर अंडरग्रॅज्युएटची ओळ कोरीच राहते. त्यात स्टुडंट व्हिसावरच्या मुलांना कित्येक मेडिकल कॉलेजं घेतच नाहीत. हे पुरवणीत एका चौकटीत तरी छापा.

कोर्स घेण्याआधी युनिव्हर्सिटीत एकच प्रश्न विचारायचा, ट्रान्सक्रिप्टवर हे क्रेडिट अंडरग्रॅज्युएट म्हणून लागणार की ग्रॅज्युएट म्हणून? आम्हाला तो प्रश्न सुचलाच नाही. आता लेक दिवसा नोकरी करून संध्याकाळी बायोकेमिस्ट्रीला जाते. नाव नोंदवायला गेली तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, तुझ्याकडे मास्टर्स आहे ना, मग खालच्या लेव्हलचा कोर्स कशाला घेतेस? मागे रांग होती तरी तिने त्यांना ॲमकॅसच्या सगळ्या ओळी समजावून सांगितल्या.

आपली नम्र,
एक आई, न्यू जर्सी