मॅडम, आई आता घरात झोपते

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

वास्तुशांतीला तुम्ही पंगतीत बसून जेवलात, आईच्या हातून ओटी भरून घेतलीत आणि दुसऱ्या साइटवर स्लॅब आहे म्हणून लगेच निघालात. पाहुण्यांच्या गर्दीत बोलणं राहून गेलं. बोलायला लागले असते तर रडूच आलं असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत, कारण आमच्याशी कोण कसं वागलं हे लोकांना कळलं पाहिजे.

घराच्या नकाशासाठी तुमच्या आधी ज्यांच्याकडं गेलो होतो त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी प्लॉटची लांबी-रुंदी विचारली आणि दुसऱ्या कुणाचा तरी नकाशा आमच्या हातात ठेवला. आईची खोली पार मागं, बाथरूमला लागून. आई म्हणाली, "साहेब, मला दाराजवळची खोली द्या." तर हसून म्हणाले, "आजी, आता कुठला भूकंप येतोय?" आई गप्प झाली. उचल घेऊन पुढं ते फोन उचलेनासे झाले, ते मी विसरेन. ते हसणं विसरणार नाही.

आमचं मूळ गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं असताना, पहाटे चारच्या सुमाराला भूकंपात आमचं घर बसलं. आजी गेली, माझा धाकटा भाऊ गेला. तो आईच्या कुशीत होता. "अंधारात, धुरळ्यात मला दार गावलं नाही," एवढंच आई सांगते. नंतर ती पत्र्याच्या शेडमध्ये झोपली, अंगणात बाजेवर झोपली, पावसाळ्यात ओसरीला झोपली. स्लॅबखाली तिनं पाठ टेकली नाही.

तुम्ही पहिल्या भेटीत कागद काढलाच नाही. "मावशी, जुनं घर कसं होतं?" एवढं विचारून ऐकत बसलात. मग तिला सांगितलंत की त्या भिंती रुंद दिसायच्या, पण आतली बाजू वेगळी, बाहेरची वेगळी, मधे नुसती माती आणि दगडाचे तुकडे. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगड नव्हता. म्हणून त्या फुगून ढासळल्या आणि वरून माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची, माती आली. तसल्या घरांत हजारो माणसं गेली. आई इतकी वर्षं स्वतःलाच दोष देत आली होती. भिंतीचाही दोष असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि मग तो आखणीचा दिवस. फक्कीनं खोल्या आखून झाल्या होत्या. तुम्ही विचारलंत, "मावशी, बाज कुठं टाकणार?" आणि वॉचमनची बाज मिस्त्रीला एका बाजूनं धरायला लावून स्वतः उचलून तिथं आणलीत. "आता आडव्या व्हा. डोळे मिटा. तशाच उठून बाहेर चला." गुत्तेदार घड्याळ बघत होता. आई पदर सावरून आडवी झाली, उठली, डोळे मिटून चालली आणि आखलेल्या भिंतीवरून पलीकडं गेली. दार तर दुसरीकडं होतं. आम्ही सगळे अवघडलो. तुम्ही मात्र तिथली रेघ चपलेनं पुसलीत आणि म्हणालात, "मग दार इथंच." तिची पावलं जिथून गेली तिथं दार आखलंत आणि तिला पुन्हा चालायला लावलंत.

ते दार आज थेट अंगणात उघडतं, बाहेरच्या बाजूला. उंबरा जमिनीसरसा. कडी एकच, झोपेतही हाताला लागेल अशी. खिडकी सरकली, आतलं कपाट सरकलं, नकाशा तुम्हाला परत काढावा लागला. त्याचे पैसे तुम्ही लावले नाहीत, मी विचारलं तेव्हा विषयच बदललात.

बाकीचंही तुम्ही नीट करून घेतलंत. काळ्या रानातला प्लॉट, तरी मुरूम लागेपर्यंत पाया खाली नेला. गुत्तेदार म्हणाला लिंटेल फक्त दारा-खिडक्यांवर पुरे, तर तुम्ही सगळ्या भिंतींवरून सलग पट्टा फिरवायला लावला आणि कोपऱ्यांतल्या उभ्या सळया स्वतः तपासल्या. हुशार माणसं लातुरात पुष्कळ आहेत, मॅडम. सत्तरीच्या बाईला उन्हात थांबून विचारणारी, आणि ती चुकली असं न म्हणता नकाशा बदलणारी, आम्हाला तुम्हीच भेटलात. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा. ही माया शिकवून येत नाही, घरातूनच येते.

आई आता तिच्या खोलीत झोपते. दार उघडं ठेवते, पण आत झोपते.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात यायचं कबूल केलंय तुम्ही. आईनं भज्जीला कोणकोणत्या शेंगा लागतील ते आत्तापासून सांगून ठेवलंय, आंबिलासाठी नवं मडकं आणायचंय. घरच्यांना घेऊन या, आणि त्या दिवशी तरी साइट ठेवू नका.

तुमची,
औसा तालुक्यातली एक शिक्षिका