गुडघ्याची पुडी आणि हृदयाचं दुखणं

मा. संपादक,

रक्तदाब-हृदयविकाराचा विषय निघाला की मीठ, तंबाखू आणि ताण ही नावं ठरलेली. आमच्या खान्देशात त्यांच्या पंगतीला आणखी एक बसवावं लागेल: गुडघेदुखीची बिननावाची पुडी.

पारोळा तालुक्यातल्या आमच्या काकू कापूस वेचून वेचून गुडघ्यांनी बेजार झाल्या होत्या. कुणीतरी आठवडी बाजारातून पुड्या आणून दिल्या. चार दिवसांत काकू तुरुतुरु चालू लागल्या, मग दोन वर्षं पुडी सुटली नाही. चेहरा गोल भरला, मानेमागे चरबीचा उंचवटा आला. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, ‘काकूनी तब्येत सुधरनी!’ हातपाय मात्र काडीसारखे झाले होते. ओट्यावरून उठायला भिंतीचा आधार लागे, बांगडी घासली तरी काळंनिळं पडे. तीन गोळ्या चालू असून वरचा रक्तदाब १८० च्या खाली येईना. साखरेसाठी दुसरे डॉक्टर. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तर हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली.

शेवटी धुळ्याच्या एका डॉक्टरांनी साधा प्रश्न केला, ‘‘दुखण्यावर काय घेता?’’ सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीरात तयार होणारं एक संप्रेरक) तपासलं, तर ते अगदीच कमी! लक्षणं सगळी कॉर्टिसॉल जास्त झाल्याची आणि रिपोर्ट उलटा. आम्ही चक्रावलो. पुडीत स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं औषध होतं. ते बाहेरून मिळत राहिलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवायचं आपलं काम सोडून देतात, हे तेव्हा कळलं. कॉर्टिसॉल किंवा तसलं औषध जास्त झाल्याने होणाऱ्या या आजाराला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जनने १९१२ मध्ये असा रुग्ण नोंदवला होता. पीयूषिका (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) किंवा अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीमुळेही तो होतो, पण क्वचित. अशा गाठीच्या रुग्णांत सुमारे ८० टक्के लोकांना उच्च रक्तदाब असतो. जास्तीच्या कॉर्टिसॉलने शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तवाहिन्या आकसतात, साखर आणि चरबी वाढते, रक्ताच्या गुठळ्या लवकर होतात. पोटॅशियम उतरलं तर ठोकेही बिघडतात. म्हणजे काकूंचा रक्तदाब, साखर आणि इको हे तीन आजार नव्हतेच, आणि आम्ही मात्र तीन फायली घेऊन फिरत होतो.

डॉक्टर मंडळींना विनंती, की गोळ्यांना न जुमानणारा रक्तदाब दिसला की पुडीची चौकशी करा. लोक आपणहून सांगत नाहीत, कारण पुडीला कुणी औषध समजतच नाही. बाजारातल्या या पुड्यांची सरकारी तपासणीही व्हावी. आणि हे वाचून कुणी घरातली पुडी एकदम बंद करू नये. झोपलेल्या ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत, रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. काकूंचं स्टेरॉइडसुद्धा डॉक्टरांनी मोजून-मापून, हळूहळू उतरवत आणलंय. रक्तदाबाच्या तीन गोळ्यांची आता एक झाली आहे. गुडघे अर्थातच पुन्हा दुखतात.

– एक वाचक, पारोळा (जि. जळगाव)