लादीच्या मिस्त्रीकाकांना, लॅमिनेट बसवणाऱ्यांकडून

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

बेडरूमच्या जमिनीवरचं लॅमिनेट तसंच सरळ बाथरूममध्ये न्यावं, हा घरमालकांचा आग्रह तुम्ही मोडून काढलात, त्याबद्दल आधी आभार. आम्ही लॅमिनेटचंच काम करतो, तरी सांगतो, तुमचंच बरोबर होतं.

लॅमिनेटच्या पट्टीचा वरचा थर टणक असतो. त्यावर सांडलेलं पाणी लगेच पुसलं तर काही बिघडत नाही. पण आत असतो एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड. सांध्यातून पाणी शिरलं की तो फुगतो, कडा वर येतात आणि वाळल्यावरही खाली बसत नाहीत. पाणी सोसणारं म्हणून विकलं जाणारं लॅमिनेटही सांडलवंडीपुरतंच. रोज बादलीनं अंघोळ होते तिथं त्याचा निभाव लागत नाही. शिवाय एकमेकींत अडकवायच्या या क्लिकच्या पट्ट्यांना जमीन सपाट लागते, 2 मीटरची सरळ मोजपट्टी ठेवली तर तिच्याखाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त खळगा चालत नाही. बाथरूमचा उतार तर चारी बाजूंनी जाळीकडे वळलेला! एसपीसी, म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिकची पट्टी, फुगत नाही हे खरं, पण तिच्याखाली गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते आणि खोलीला कुबट वास धरतो.

तुमचं खरं काम लादीखाली आहे, म्हणून ते कोणाला दिसत नाही. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या, भोवती न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा सिमेंटचा मसाला) भरलात. भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यांत गोलाई काढलीत, कारण काटकोनात वॉटरप्रूफिंगचा थर आधी तडकतो. पॉलिमर-सिमेंटचे दोन हात दिलेत, दुसरा पहिल्याला आडवा, आणि भिंतीवर फूटभर चढवलात. मग जाळी बंद करून 48 तास पाणी साठवून ठेवलंत. ही चाचणी घाईच्या कामात सगळ्यात आधी गाळली जाते आणि खालच्या घराच्या छताला ओल येते.

उतार 80 ला 1 धरलात, म्हणजे 7 फुटांत साधारण इंचभर. 5 बाय 7 च्या त्या बाथरूमला फूटभराच्या खरखरीत, न घसरणाऱ्या 40 लाद्या मागवल्यात; 35 बसतात, उरलेल्या कापण्या-फुटण्यासाठी. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती धरत नाही. तुम्ही 20 किलोची अॅडहेसिव्हची गोणी वापरलीत, दातेरी थापीनं पसरलीत आणि मध्येच एक लादी उचलून मागची बाजू पूर्ण भरली आहे का ते पाहिलंत. चार कोपऱ्यांना चार गोळे लावून बसवलेली लादी ठोकल्यावर पोकळ वाजते आणि त्या पोकळीत पाणी साठतं.

सगळ्यात मोठे आभार मात्र उंबऱ्याचे. बाथरूमच्या दाराशी लॅमिनेट फुगलं की दोष आमच्या पट्टीला दिला जातो, पण बहुतेक वेळा पाणी उंबऱ्यावरून येतच नाही. ते लादीखालच्या मसाल्यातून, ग्रॅनाइटच्या खालून, हळूहळू बेडरूममध्ये झिरपतं. तुम्ही वॉटरप्रूफिंगचा थर उंबऱ्याच्या खालून नेऊन बाहेरच्या कडेला वर वळवलात आणि मगच ग्रॅनाइट बसवलंत. बाथरूमची जमीन उंबऱ्यापेक्षा 20 मिलिमीटर खाली ठेवलीत. इतकं नीट काम आम्हाला क्वचितच मिळतं. आम्ही फक्त जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून 24 तासांनी आत दव धरलं नाही ना ते पाहिलं. मग 200 मायक्रॉनचं प्लास्टिक, 2 मिलिमीटरचा फोम आणि 8 मिलिमीटरची पट्टी टाकली. ग्रॅनाइटपाशी 10 मिलिमीटर फट सोडून तिच्यात फोमची दोरी आणि वर सिलिकॉन भरलं. ही फट सिमेंटनं बुजवली असती तर पावसाळ्यात पट्टीला वाढायला जागा उरली नसती आणि जमीन मधे उचलली गेली असती.

काका, पुढच्या कामाला उंबरा बसवायच्या आधी एक फोन करा. लॅमिनेट 8 मिलिमीटरचं येणार की 12 चं ते आम्ही कळवू, म्हणजे ग्रॅनाइटची उंची तुम्हाला आधीच धरता येईल.

तुमचे,
लॅमिनेटचं काम करणारे आम्ही दोघे